एका गळ्यात किती वीणा

डोळ्यांत औषध घातल्यामुळं सीताबर्डीवरची ती दुपार मनोहररावांना फोडलेल्या नारळाच्या आतल्यासारखी दिसत होती. नुसतं पांढरं आणि नुसतं ओलं. चैत्राचं ऊन नागपुरात तसंही कुणाची भीड ठेवत नाही, त्यात डॉक्टरांनी बाहुल्या ताणून मोठ्या केलेल्या. दुकानांच्या पाट्या, हातगाड्यांवर टांगलेले फ्रॉक, सायकलरिक्षांचे टप, सगळं आपापली कड सोडून एकमेकांत शिरलं होतं. "साखरेनं डोळे खायला घेतले आहेत, आज वाचायचं नाही, लिहायचं नाही," असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ते ऐकून आपल्याला बरं का वाटलं याचा विचार करत मनोहरराव व्हरायटी चौकाच्या अलीकडच्या ओळखीच्या औषधाच्या दुकानात शिरले. खसाच्या ओल्या कूलरचा वास आला. त्यांनी फोन मागितला. डायलवरचे आकडे दिसत नव्हते, पण स्वतःच्या ऑफिसचा नंबर बोटांना पाठ होता. तिकडं घंटा वाजली, फोन उचलला गेला, आणि तिथं फोन घेणाऱ्या प्रेमिलाच्या स्वच्छ आवाजात मुंबईच्या कंपनीचं लांबलचक इंग्रजी नाव त्यांच्या कानात पडलं.

राँग नंबर लागला असावा असं समजून ते फोन ठेवणारच होते. मग मागून आपल्याच प्रिंटरची करकर ऐकू आली. सहा वर्षं ऐकलेली ती करकर दुसऱ्या कुठल्या यंत्राची असणं शक्य नव्हतं.

"प्रेमिला, मी बोलून राहिलो."

"अय्या, सर तुम्ही होय? मले वाटलं गिऱ्हाईक."

"हे काय म्हटलं तू आत्ता?"

"श्रीधर सरांनी सांगतलं नं सकाळी. सोमवारपासून असंच म्हणायचं, तं आजपासून सवय करा म्हणे. मले तं तोंडात बसूनच नाही राहिलं सर. दोनदा 'अनुग्रह कॉम्प्युटर्स' निघून गेलं. ते हसले." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "कागद घेऊन बसले आहेत तुमच्या खोलीत. संध्याकाळची गाडी आहे त्यांची. आज सही आहे नं?"

"हो, आहे नं," मनोहरराव म्हणाले. "त्याला चहा दे. मी येतो."

दुकानदार, जो त्यांचं गिऱ्हाईकही होता, काउंटरवर कोपर टेकून हसला. "काय मनोहरराव, डोळ्यात पानी?" "औषध आहे," ते म्हणाले. "मंग ठीक," दुकानदार म्हणाला, "मले वाटलं माझ्या दुकानाचं भाडं ऐकून आलं." बाहेर येऊन ते रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं? सदर म्हणायचं होतं. ऑफिस सदरला, श्रीधर सदरला, कागद सदरला. तोंडातून निघालं, महाल. प्रेमिलाच्या तोंडातून जुनं नाव निघून गेलं तसंच. रिक्षा वळली तेव्हा त्यांना आठवलं की महालातल्या राममंदिरात सप्ताह सुरू आहे आणि चार वाजता वीणेचा पहारा आपला आहे. म्हणजे हे चुकून झालं नव्हतं. पण ठरवूनही झालं नव्हतं, आणि या वयात मनुष्य जे काही करतो ते बहुतेक या दोन्हींच्या मधल्याच कुठल्या तरी जागेतून करतो, असं वाटून त्यांनी उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा डोळ्यांवर ओढून घेतला.

दुपट्ट्याआड अंधार होता आणि त्या अंधारात श्रीधर बूट काढत होता. माघातली गोष्ट. पूर्वी चार वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकलेला, मग मुंबईला गेलेला श्रीधर, कंपनीतर्फे पहिल्यांदा आला तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी वाकून बूट काढू लागला. आत धूळ जाऊ नये म्हणून तो नियम मनोहररावांनीच केला होता, पण गांधीबागेतले औषधांचे ठोक व्यापारी त्या दाराशी चपला काढून आत येताना नकळत हातही जोडत, आणि पहिल्या दिवशी एकानं तर टेबलाखालच्या यंत्रावर फूल ठेवलं होतं. मुंबईत ही पद्धत गेली, श्रीधर म्हणाला होता, तिथं आता बूट घालूनच बसतात. तरी त्यानं काढले. तेवढ्यानंच मनोहररावांचं अर्धं मन वितळलं. मग त्यांनी अगदी भोळेपणानं विचारलं होतं, की अरे, तुमच्याकडं दोनशे शिकलेली माणसं आहेत, मोठी यंत्रं आहेत, आमच्यासारखा प्रोग्राम तुम्ही झोपेत लिहाल, मग आम्हा चार जणांना विकत घ्यायचं कारण काय? श्रीधर खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "सर, लिहितील. पण त्या दोनशेतला एकही जण गांधीबागेत स्टुलावर बसून कट चहा पिऊन नाही राहिला. व्यापारी आपलं दुकान तुमच्या हाती देते ते तुमचं तोंड पाहून. ते तोंड मुंबईत बनत नाही. आणि मोठ्या कंपनीला सर, दरवर्षी वाढलेलं दाखवावं लागते. आतून वाढायला वेळ लागते. बाहेरून आणून जोडलं, की लगेच वाढते." तो हसला होता. "इंदूरला एक घेतली. रायपूरची झाली. जबलपूरवाले आढेवेढे घेऊन राहिले. तुम्ही हो म्हणा." तेव्हा ते सगळं ऐकायला बरं वाटलं होतं. आपलं तोंड कुणाला हवंसं वाटतं, हे ऐकायला कुणाला बरं वाटत नाही? मनोहररावांनी त्या रात्री बायकोला, कौसल्येला, सांगितलं आणि ती पोळी तव्यावर तशीच ठेवून म्हणाली, "घेऊ द्या बाप्पा त्यांना. तुम्ही आता झोपत जा."

झोप. तीच तर खरी गोष्ट होती. सरकारी कचेरीतल्या मोठ्या यंत्रावरची नोकरी सोडून त्यांनी हे काढलं तेव्हा ते चाळिशीचे होते आणि थकवा ही वस्तू त्यांनी पाहिलेली नव्हती. आता तो पायांच्या पोटऱ्यांत राहायला आला होता. वीज गेली की चालू असलेलं काम पुसलं जायचं आणि पुन्हा करायचं. व्यापाऱ्याचा मुलगा फ्लॉपी उन्हात ठेवून मग म्हणायचा की काका, तुमचा डब्बा बिघडला. त्यांच्या प्रोग्रामला सगळा बाजार मनोहररावांचा डब्बाच म्हणायचा. मनोहररावांना त्याचा राग नव्हता. डब्ब्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. कुठलं औषध किती आलं, किती गेलं, एवढं तर कुणीही सांगेल. पण संध्याकाळी दिवस बंद करताना त्यांचा प्रोग्राम मध्येच थांबायचा. पडद्यावर या महिन्यात मुदत संपणाऱ्या औषधांची नावं यायची, आणि खाली एक प्रश्न: ही फळीवरून उतरवली का? उत्तर दिल्याशिवाय दिवस बंद होत नसे. पहिल्या वर्षी व्यापाऱ्यांनी शिव्या घातल्या. "घरी जाऊ द्या ना गा, हा काय मास्तर आहे का?" पुढं त्यांना सवय लागली. इतकी, की प्रश्न आल्याशिवाय दिवस संपल्यासारखं वाटत नाही असं एक जण म्हणाला. आणि 'हो' म्हटल्यावर प्रिंटरवर इंग्रजी अक्षरांत 'रामकृष्णहरी' उमटायचं, आणि मगच शटर खाली यायचं. तो प्रश्न तिथं का होता हे मनोहररावांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या आईनं शेवटच्या आजारात हृदयाच्या ज्या गोळ्या घेतल्या, त्या मुदत संपून मेलेल्या होत्या. गोळ्या देणारा दुकानदार भला माणूस, त्याला खरंच माहीत नव्हतं. तेराव्याला येऊन ओसरीत रडून गेला. त्याच्यावर राग धरायला जागाच नव्हती. जागा नसलेला तो राग कुठं तरी ठेवायला हवा होता, तो त्यांनी एका प्रश्नात ठेवला.

रिक्षा गांधीबागेच्या गर्दीत अडकली. दुपट्ट्यातून कापूर, टिंक्चर, कुजलेल्या खोक्यांचा वास आला आणि कुणी तरी ओरडलं, "मनोहरराव, उद्या या, डब्बा हँग होऊन राहिला." त्यांनी आवाजाच्या दिशेनं हात हलवला. उद्या. उद्या आपण कोण असू? श्रीधर म्हणाला होता, सल्लागार. सल्लागाराला कुणी डब्बा हँग झाला म्हणून रस्त्यात हाक मारत नाही. आणि गिरिधर मुंबईला असेल. गिरिधर म्हणजे त्यांचा प्रोग्राम लिहिणारा हात. त्यांचे डोळे गेल्या दोन वर्षांत जसजसे अधू झाले, तसतसा तो हात वाढला. तो कधी म्हणाला नाही की मला जायचंय. पण श्रीधरनं मुंबईच्या यंत्राचं वर्णन केल्यापासून तो काम करताना गुणगुणू लागला होता, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करणं मनोहररावांना दिवसेंदिवस जड जात होतं. सही केली की गिरिधरचं गाणं मोकळं होणार होतं. कौसल्येची रात्र शांत होणार होती. मग प्रेमिलानं फोनवर घेतलेलं ते नवं नाव इतकं का सलावं?

त्यांना वामनबुवा आठवले. कितीतरी वर्षांत आठवले नव्हते. मनोहरराव शाळेत असताना वडील बोट धरून ज्या राममंदिरात कीर्तनाला न्यायचे, तेच हे मंदिर, आणि तिथले ठरलेले कीर्तनकार वामनबुवा. आवाज बेताचा, अंगरखा धुऊन धुऊन पिवळा झालेला. पण सुदाम्याचं आख्यान लावावं तर त्यांनीच. द्वारकेत सुदामा पुरचुंडी काखेत लपवतो, त्या ठिकाणी बुवा थांबायचे. चिपळ्या थांबायच्या, पेटी थांबायची. रुपराव मृदंगी फक्त एका बोटानं कातड्यावर टकटक करत राहायचा, छातीतल्यासारखी. सगळं देऊळ त्या टकटकीत उभं असायचं. बायकांचे पदर डोळ्यांना लागलेले, आणि छोट्या मनोहरला वाटायचं आपल्याच काखेत पोहे आहेत. मग एके वर्षी बाहेरगावचे एक मोठे बुवा आले. मोठे म्हणजे खरेच मोठे. काय गळा, काय पाठांतर, काय ती बोलण्यातली खडीसाखर. त्यांच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. मनोहर तर पूर्वरंगातच त्यांच्या प्रेमात पडला. जाताना बुवांनी रुपरावाच्या पाठीवर हात ठेवला, अशा हाताला गावात कोंडू नये म्हणाले, आणि त्याला बरोबर घेऊन गेले. रुपरावाचं भलंच झालं. पुढं एकदा मनोहरनं त्या मोठ्या बुवांचा सुदामा ऐकला. रुपराव मागं बसला होता, नवं उपरणं, मृदंगाला नवी गवसणी, आणि दणाणून वाजवत होता. काखेतल्या पुरचुंडीपाशी बुवा थांबले नाहीत. त्यांना थांबायची गरजच नव्हती, त्यांच्याजवळ गाणं भरपूर होतं. आणि इकडं वामनबुवा मात्र सवयीनं त्याच ठिकाणी थांबत राहिले. तिथं आता टकटक नव्हती. नुसती रिकामी जागा असायची आणि तीत लोक खोकायचे. दोन वर्षांत बुवांनी आख्यान सोडलं, मग कीर्तन सोडलं. ना मोठ्या बुवांनी पाप केलं होतं, ना रुपरावानं. फक्त ती टकटक, जी एकाचीही नव्हती, दोघांच्या मध्ये होती, ती कुठंच उरली नाही. बाकी सगळं वाढलं.

मंदिराच्या फरशीवर पाय ठेवल्यावर गारवा पोटऱ्यांपर्यंत आला. गाभाऱ्यात समईचे दोन दिवे त्यांना आज दोन मोठ्या पिवळ्या शेवंत्यांसारखे दिसले. खांबापाशी आधीच्या पहाऱ्याचे मधुकरराव वीणा घेऊन उभे होते आणि आवाज अगदी खाली लागला होता. सप्ताहभर ही वीणा जमिनीला टेकत नाही आणि नाम तुटत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, एवढंच. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. वडिलांनी लहानपणी सांगितलं होतं, की बाबा, वीणा देणं सोपं आहे, घेणारा पाहून घे. घेणारा आला नाही तर आपला पहारा संपलेला नाही. मनोहररावांनी मधुकररावांच्या पायाला हात लावला, त्यांनी यांच्या, आणि वीणेचा पट्टा खांद्यावर आला. तार बोटाला लागली. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना काहीतरी नीट दिसल्यासारखं वाटलं, खरं तर डोळे मिटलेले होते.

मंदिराची झाडलोट करणारी तुळसाबाई थोड्या वेळानं बशीत चहा घेऊन आली. दोन्ही हात गुंतलेल्या माणसाला तीच पाजायची, तेवढा वेळ नाम खाली बसलेले टाळकरी म्हातारे चालू ठेवायचे, आणि त्याबद्दल मोबदला म्हणून बोलायची. "घ्या. डोळे काहून असे लाल?"

"औषध घातलं."

"मले वाटलं भक्ती वाढली. पुढचा पहारा देवाजीचा आहे, आणि त्याले काल रातच्यापासून ताप आहे म्हणते त्याची बायको. येईन का नाई देव जाने."

"येईल."

"तुम्हाले तं सगळेच येतील वाटते," तुळसाबाई म्हणाली आणि बशी घेऊन गेली.

श्रीधर आला तेव्हा ऊन खांबांच्या मुळाशी उतरलं होतं. सप्ताहातला पहारा गिरिधरला ठाऊक होता, त्याच्याच लुनावर बसून आला असावा. ती आवाज करत बाहेरच थांबली. दारात वाकून बूट काढणारी आकृती मनोहररावांनी ओळखली. तो मोज्यांवरच आत आला, हातात कातडी बॅग.

"सर, ऑफिसात वाट पाहून राहिलो होतो. गाडीला दीड तास आहे. दोनच सह्या." मग वीणेकडं पाहून तो ओशाळला. "किती वेळ आहे तुमचा?"

"देवाजी येईतो."

"कधी येतील?"

"त्याले ताप आहे."

श्रीधर हसला, मग हसू आवरून खांबाला टेकून उभा राहिला. नाम घेता घेता, तारेवरचं बोट न थांबवता, मनोहरराव म्हणाले, "कागद आज मला दिसणार नाही. डॉक्टरनं मनाई केली. तूच सांग काय आहे त्यात."

श्रीधर सांगू लागला. माणसं सगळी ठेवतील. गिरिधरला मुंबई, प्रेमिला इथंच. पाटी बदलेल. ऑफिस तेच राहील. तुम्ही सल्लागार, दोन वर्षं. व्यापाऱ्यांशी जुने करार कंपनीकडं येतील. आणि प्रोग्राम... इथं त्यानं श्वास घेतला. एवढाच श्वास. पण जन्मभर कीर्तनं ऐकलेला मनुष्य कुठला श्वास गाण्याचा आणि कुठला ओळ गाळण्याचा, हे ओळखतो. पाठांतर विसरलेला बुवा असाच श्वास घेऊन पुढच्या चरणावर उडी मारतो. श्रीधर पुढं म्हणाला, "...आणि जागेचं भाडं कंपनी देईल."

"प्रोग्रामचं राहिलं," मनोहरराव म्हणाले.

श्रीधरनं गाभाऱ्याकडं पाहिलं.

"बंद करतील, सर. वर्षभर चालवतील, मंग आपला देतील. त्यांचा भराभर चालते. तुमचा तो प्रश्न... मी मीटिंगमध्ये दाखवला होता. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला थांबवणारा प्रोग्राम कोण घेईन?"

"मग आमच्याकडून काय घेऊन राहिले?"

"गिऱ्हाईक. गिरिधर." मग तो अगदी खालच्या आवाजात, जणू देवासमोर आहे म्हणून, म्हणाला, "आणि तुम्ही वाटेत नको. खोटं काहून बोलू? तुम्ही असेपर्यंत गांधीबागेत दुसरा डब्बा शिरत नाही."

मनोहररावांना राग आला नाही. येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली, पण त्याच्या जागी पोटऱ्यांतला थकवाच तेवढा वर सरकला. माघात आपण ऐकलं ते तोंड, ती वाढ. सगळं खरंच होतं, फक्त अर्धं सांगितलेलं होतं. आणि अर्धं आपणही ऐकायचं नाकारलं होतं, कारण झोप हवी होती. अजूनही हवी होती. एक वर्ष तर चालवतील. एका वर्षात कुणाची आई मरते, कुणाची मरत नाही. जगातले सगळे प्रश्न आपण विचारायचे असा कुठं करार आहे?

"आण," ते म्हणाले. "सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखव. पण ही धरायला कोणी पाहिजे."

"मी धरतो नं," श्रीधर म्हणाला आणि बॅग खांबाशी ठेवून त्यानं एक हात पुढं केला, जसा गाडीत सामान वर ठेवताना करतात. मनोहरराव तसेच उभे राहिले. तो हात हवेत राहिला. मग काय झालं कोण जाणे, बहुधा नागपुरातल्याच इमामवाडा मोहल्ल्यातल्या आपल्या जुन्या घराजवळचं भजन त्याला आठवलं असावं; त्यानं हात मागं घेतला, घाईघाईनं मोजे काढून खिशात कोंबले, आणि वाकून मनोहररावांच्या पायांना हात लावला. मनोहररावांनी त्याच्या पायांना लावला. पाऊल थंड होतं आणि मोज्याच्या रबराचा वळ त्यांच्या बोटांना कळला. मग त्यांनी पट्टा त्याच्या गळ्यात घातला.

पहिली काही आवर्तनं श्रीधर चाचपडला. कंपनीच्या सुटात, टायवर वीणा, आवाज नाकातून. बसलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी टाळ थांबवून त्याच्याकडं पाहिलं. "सूटवाला विठोबा आला गा," एक जण पुटपुटला. पण हळूहळू आवाज खाली उतरला, छातीत बसला, आणि तो आवाज मनोहररावांच्या ओळखीचा निघाला. चार वर्षं शेजारच्या टेबलावर काम करताना श्रीधर असाच पुटपुटायचा. ते खांबाच्या बैठकीवर बसले, मांडीवर कागद घेतले. पांढऱ्यावर राखाडी धूर. पेन उघडलं. सही आपली आपल्याला न पाहता येते, डायलसारखी.

त्यांनी मान वर केली. श्रीधर गाभाऱ्याकडं तोंड करून उभा होता आणि अडकला होता. त्याची गाडी होती, इंदूरचे हिशेब होते, जबलपूरच्या माणसाला उद्या समजवायचं होतं, पण ही एक वस्तू गळ्यात आहे तोवर तो कुठंच जाऊ शकत नव्हता, आणि त्याला ते कळलंही होतं, कारण त्यानं एकदा घड्याळाकडं पाहिलं आणि मग पाहायचं सोडून दिलं. किती नीट धरली होती त्यानं. खुंट्यांना धक्का लागू न देता, भोपळा कमरेशी टेकवून. माणूस असा धरू शकतो, मनोहररावांना वाटलं. हा एकटा असता तर याच्या गळ्यात मी सगळं घातलं असतं, डब्बा, गांधीबाग, तो प्रश्न, सगळं, आणि घरी जाऊन झोपलो असतो. पण घेणारा हा नाही. याला ज्यांनी पाठवलं त्यांनी इंदूरची घेतली आहे, रायपूरची घेतली आहे, आणि त्यांना दरवर्षी आणखी हवी. एका गळ्यात किती वीणा मावतील? एक वाजवायची तर बाकीच्या कुठं तरी टेकवाव्याच लागणार. त्यात वाईटपणा नाही. मोठ्या बुवांत तरी कुठं होता. फक्त जमीन आहे, आणि ती खाली वाट पाहत असते.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. उठताना गुडघा वाजला. ते श्रीधरसमोर जाऊन उभे राहिले आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला.

श्रीधरनं नाम न तोडता डोळ्यांनीच विचारलं, झाली? मनोहररावांनी नाही अशी मान हलवली. पट्टा परत त्यांच्या खांद्यावर आला, तार त्यांच्या बोटाखाली आली, आणि मगच श्रीधरला बोलता आलं.

"सर, ते दुसरा माणूस उभा करतील गांधीबागेत. फुकट देतील पहिले सहा महिने. मी सांगून ठेवतो."

"देऊ दे."

"तुम्हाले झेपन का?"

"नाही झेपणार," मनोहरराव म्हणाले. ते अगदी खरं होतं. "गिरिधरला घेऊन जा. त्याला न्यायला कागद लागत नाही. माझं नाव सांग, म्हण सरांनी सांगतलं, जा."

"अन् तुमचा प्रोग्राम कोण पाहीन? तुमचे डोळे..."

"चष्म्याचा नंबर बुधवारी मिळते." पुढं बोलायचं होतं, पण नाम आलं आणि ते नामात निघून गेले. श्रीधर खांबाच्या बैठकीकडं वळला. मग त्यानं कागद बॅगेत घातले, आणि दाराशी पायरीवर बसून मोजे चढवू लागला. एक मोजा उलटा गेला, तो काढून पुन्हा घातला. बाहेर गिरिधरनं त्याला काही विचारलं. श्रीधरनं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. लुना मात्र लगेच सुरू झाली नाही. एक सावळी, हेलकावणारी आकृती दाराशी येऊन थांबली, आत पाहत राहिली. मनोहररावांना चेहरा दिसत नव्हता. त्यांनी वीणेवरची मान जरा कलवली, जा, अशी. आकृती वाकली, उंबऱ्याला हात लावून गेली. त्यानंतर लुनाचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आला, आणि आता ते गाणं आपल्याला कधी ऐकू येणार नाही एवढंच त्यांच्या मनात आलं.

प्रेमिलाला सांगायला हवं होतं, फोनवर कुठलं नाव घ्यायचं ते. राहून गेलं. तिच्या तोंडातून जे निघेल ते निघेल. गांधीबागेत उद्या जायचं, हँग झालेला डब्बा पाहायचा. पडदा दिसणार नाही. व्यापाऱ्याच्या मुलाला म्हणायचं, तू वाच, मी सांगतो. कौसल्येला काय सांगायचं, हे अजून सुचत नव्हतं. पोळी तव्यावर तशीच राहील, करपेल, ती काही बोलणार नाही आणि पाठ फिरवून दुसरी लाटायला घेईल.

समईत तेल घालायला तुळसाबाई आली. देवाजीच्या घरून निरोप आला होता, ताप उतरला नाही. तिनं तो सांगितला आणि मनोहररावांच्या पायांकडं पाहिलं. ते एका पायावरचा भार दुसऱ्यावर नेत होते.

"आता तुम्हीच का गा आणखी?"

मनोहररावांनी मान हलवली.

"आणि त्याच्यानंतरचा नाई आला तं?"

तार एकदा छेडून होईपर्यंत ते थांबले, जिथं वामनबुवा थांबायचे तसे. मग नाम पुढं गेलं. तुळसाबाईनं वात पुढं सारली, पदर कमरेला खोचला, आणि चहा ठेवायला मागं गेली.